घरांत साप निघाला असतां

अमरसिंहानें आपल्या कोशांत सापाला पंचवीसएक नांवें दिलीं आहेत. छातीनें सरपटतो म्हणून उरग, पायांनीं चालत नाहीं म्हणून पन्नग, बिळांत निजतो म्हणून बिलेशय, पाय दिसत नाहींत म्हणून गूढपाद, आणि डोळ्यांनींच ऐकतो अशी समजूत म्हणून चक्षुःश्रवा. हीं नांवें वर्गांत पाठ करवून घेतांना आम्हांला नेहमीं असें वाटे कीं, कोणीं तरी दोन घटका स्वस्थ उभें राहून सापाकडे पाहिल्यावांचून यांतील एकही नांव सुचलेलें नसावें. भ्यालेल्या माणसाला असल्या व्युत्पत्ती सुचत नाहींत. आज आपल्या घरांत साप निघाला म्हणजे ‘काठी आणा’ एवढाच काय तो उद्गार ऐकूं येतो. ती काठी क्षणभर बाजूस ठेवावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे. आणि ती सापाच्या कळवळ्यापेक्षांही घरांतल्या माणसांच्या काळजीनें आहे.

आमचें नांदगांव हें नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील, मनमाड व चाळीसगांव यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेलें तालुक्याचें गांव. वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेले साहेबलोक एके काळीं येथेंच आगगाडींतून उतरून पुढें जात, एवढीच काय ती याची बाहेरच्या जगांत ख्याती. गांवांतून लेंडी आणि शाकांबरी या दोन नद्या वाहतात. वाहतात म्हणजे पावसाळ्यांत वाहतात. भोंवतीं मुरमाड माळ व काळा दगड, आणि शेतांत मका, बाजरी, कापूस व कांदा. धान्यामागें उंदीर येतो आणि उंदरामागें साप येतो, हें तर उघडच आहे. परंतु कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांचा जो ढीग परसांत सरपणासाठीं रचला जातो, आणि कांदा सांठविण्याची जी चाळ जमिनीपासून हातभर उचलून बांधतात, त्या दोहोंच्या खालची गार, अंधारी जागा सापाला वारुळापेक्षांही सोईची. २०२१ च्या सप्टेंबरांत या दोन्ही नद्यांना पूर येऊन पाणी थेट बाजारपेठेंत शिरलें होतें. अशा वेळीं बिळें बुडतात आणि बिळांतला जीव उंचवट्याकडे निघतो. गांवांत उंचवटा म्हणजे आपला ओटा. त्याला आपण ‘घरांत साप शिरला’ असें म्हणतों. सापाच्या बाजूनें पाहिलें तर तो घर बुडालेला निर्वासित होय.

महाराष्ट्रांत सापांच्या पन्नासांवर जाती आहेत. त्यांपैकीं मनुष्यवस्तीच्या आसपास राहून माणसाचा जीव घेणाऱ्या मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्या माणसाला कौतुक याचें वाटतें कीं, सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत केलेली सर्पांची वर्गवारी आजही बरीचशी उपयोगी पडते. दर्वी म्हणजे पळी. पळीसारखी फणा ज्याची तो दर्वीकर, म्हणजे नाग. अंगावर मंडलें असलेला तो मंडली. घोणस आणि फुरसें यांचें कूळ हेंच. अंगावर रेघा असलेला तो राजिमंत. मण्यार यांत बसते. पुढें निर्विष आणि संकरज असे आणखी दोन वर्ग सांगितले आहेत, त्यांतील संकरजांचा वर्ग आजचे प्राणिशास्त्र मानीत नाहीं. सुश्रुतानें या तिघांच्या हिंडण्याच्या वेळाही सांगितल्या आहेत: दर्वीकर दिवसा, राजिमंत रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं आणि मंडली रात्रीच्या उरलेल्या वेळीं. वाचकांनीं ही वेळांची वांटणी ध्यानांत ठेवावी, विशेषतः राजिमंतांची; कारण या लेखांतील सर्वांत दुःखद गोष्ट तिच्याशींच संबद्ध आहे.

नाग ओळखण्यास शिकवावें लागत नाहीं. तो फणा काढून, फूत्कार करून, आपण कोण आहों हें स्वतःच सांगतो, आणि शक्य तोंवर चावण्याचें टाळतो. घोणस जाड, मंद, अंगावर सांखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी; डिवचली असतां कुकरच्या शिटीसारखा मोठा सुस्कारा सोडते. पुष्कळ लोक तिला अजगराचें पिल्लूं समजून जवळ जातात, आणि तेथेंच घात होतो. फुरसें हातभरसुद्धां नसतें. वेटोळ्यावर वेटोळें घांसून तें करवतीसारखा आवाज करतें. आमच्या माळावरच्या दगडांखालीं तें हमखास असावयाचें. रत्नागिरीकडे एकोणिसाव्या शतकांत सरकारनें फुरशांवर बक्षीस लावून तीं हजारोंनीं मारविलीं, तरी फुरसें कोंकणांतून नाहींसें झालें नाहीं. ‘मारून टाका’ या उपायाची परीक्षा एकदां अशी मोठ्या प्रमाणावर होऊन चुकली आहे.

आतां मण्यार. निळसर काळी, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघांचीं कडीं; हीं कडीं बहुधा जोडीजोडीनें असतात, मानेपासून कांहीं अंतर सोडून सुरू होतात आणि शेंपटीकडे स्पष्ट होत जातात. दिवसा ही इतकी गरीब कीं, हातांत धरली तरी तोंड लपवील. रात्रीं मात्र ती दुसरे साप, पाली, उंदीर यांच्या शोधार्थ घरांत शिरते, आणि भुईवर अंथरूण घालून निजलेल्या माणसाचा हात झोंपेंत तिच्या अंगावर पडला कीं चावते. तिचे दांत इतके बारीक कीं खूण दिसत नाहीं, सूज येत नाहीं, आग होत नाहीं. पुष्कळांना जागही येत नाहीं. घटका दोन घटकांनीं पोटांत कळ येते, ओकारी होते, घसा धरतो, पापण्या जड होतात, आणि पुढें श्वास चालविणारे स्नायूच थकून थांबतात.

आमच्या तालुक्यांतील एका खेड्यांत, आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं, असें घडलें. श्रावणाचे दिवस, घरांत पाहुणे, म्हणून सगळीं मुलें ओसरीवर ओळीनें निजलेलीं. पहांटे नऊ वर्षांचा मुलगा पोट दुखतें म्हणून उठला. आदल्या दिवशीं सणाचें जेवण झालेलें. अजीर्ण म्हणून ओंवा आणि गरम पाणी दिलें. तो म्हणाला, ‘आई, मला दोन दोन दिसतंय.’ तें झोंपेच्या गुंगींतलें बोलणें वाटलें. उजाडतां उजाडतां त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, तेव्हां कोणी म्हणालें बाधा झाली, आणि त्यास गांवाबाहेर एका जाणत्याकडे नेलें. तेथें तासभर गेला. रुग्णालयाच्या दारांत गाडी पोंचली तेव्हां तपासण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. दुपारीं अंथरुणें उचलतांना भिंतीकडच्या गोधडीखालीं मण्यार सांपडली. त्या घरांत शिकलेलीं माणसें होतीं, दारांत मोटारसायकल उभी होती, आणि नांदगांवचें ग्रामीण रुग्णालय अर्ध्या तासाच्या वाटेवर होतें.

याच्या उलट दुसरें घर आम्हांस ठाऊक आहे. तेथेंही मुलाचें पोटच दुखत होतें. परंतु त्याच्या आजीनें कंदील तोंडाशीं धरून पाहिलें आणि मुलाला वर पाहावयास सांगितलें. त्याच्या पापण्या उचलेनात. ‘हें अजीर्ण नव्हे, अजीर्णानें डोळे मिटत नाहींत,’ एवढेंच त्या माउलीनें म्हटलें आणि गाडी काढविली. मुलगा चार दिवस श्वासाच्या यंत्रावर होता. आज तो कॉलेजांत आहे. त्या आजीबाई चौथी शिकल्या होत्या. पावसाळ्यांत भुईवर निजलेलें माणूस पहांटे पोटदुखीनें उठलें आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर चावल्याची खूण शोधीत बसूं नये.

निर्विष सापांकडे वळूं. हे संख्येनें पुष्कळ अधिक, आणि विनाकारण मरतात तेही हेच. मण्यार म्हणून जो मारला जातो तो निम्म्या वेळां बिचारा कवड्या असतो. याचा रंग तपकिरी, आणि पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेंपटीकडे पुसट होत जातात. म्हणजे मण्यारीच्या नेमकें उलट. तो भिंतीवर सुरेख चढतो व पाली खातो. धामण सहा-सात फूट वाढते, घाईघाईनें पळते, आणि एकटी एका कांद्याच्या चाळीचें उंदरांपासून राखण करते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही गोष्ट खोटी. सापाच्या तोंडाची रचना चोखण्याची नाहीं. तस्कर, नानेटी, पाणवठ्याचा दिवड, हेही असेच निरुपद्रवी. दिवड मात्र तापट, चावतो कडकडून, पण विष नाहीं. मांडुळाची कथा फार वाईट. शेंपूट बोथट असल्यामुळें त्याला दोन तोंडें आहेत अशी समजूत, आणि त्यावरून गुप्तधन, औषध, अमुक वजनाला तमुक लाख, अशा थापा. या लोभानें सुशिक्षित माणसें फसलेलीं आणि तुरुंगांत गेलेलीं वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचावयास मिळतात.

पालीविषयीं दोन शब्द न लिहिले तर आमच्या घरच्याच मंडळींना लेख अपुरा वाटेल. पंचांगांत पल्लीपतनाचें कोष्टक असतें. कोणत्या अंगावर पडली तर काय फळ, तें त्यांत पाहावें. त्याबद्दल आम्ही वाद घालीत नाहीं. पण पाल विषारी आहे, हें मात्र खरें नाहीं. तिच्या अंगावर व विष्ठेंत रोगजंतू असूं शकतात, म्हणून दुधांत पडली तर दूध टाकावें, हें बरोबर. घोरपडही विषारी नाहीं. ती क्वचित् कोंबड्यांच्या खुराड्यापाशीं येते. तिच्या तेलाच्या आणि मांसाच्या गुणांवर विश्वास ठेवून तिचा जो संहार चालला आहे त्याला वैद्यकाचा कांहीं आधार नाहीं.

आतां प्रत्यक्ष साप दिसला तर काय करावें? पहिली गोष्ट, ओरडूं नये. सापाला बाहेरचा कान नाहीं, जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते आणि हवेंतला आवाजही थोडाबहुत जाणवतो. आपल्या आरड्याओरड्यानें व धांवपळीनें तो अधिकच आडोशाला जातो, आणि आडोशांत गेलेला साप दिसणाऱ्या सापापेक्षां वाईट. मुलें, म्हातारीं माणसें, मांजर-कुत्रें दुसऱ्या खोलींत न्यावींत. एका समंजस माणसानें सात-आठ हातांवरून त्याच्यावर नजर ठेवावी. नजर काढूं नये. बाहेरचें दार उघडें ठेवावें; पुष्कळदां एवढ्यानेंच काम होतें. रॉकेल, फिनेल, मिरचीची धुरी हे प्रकार करूं नयेत. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गांवांतील जाणत्या सर्पमित्राला दूरध्वनि करावा. स्वतः पकडण्याच्या भानगडींत पडूं नये. हें आम्ही भित्रेपणानें लिहीत नाहीं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, त्याअन्वयें साप मारणें, पाळणें, विकणें हे गुन्हे आहेत. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, आपण चिमट्यानें धरलेला साप आपणच चिमटा सोडल्यावर काय करील याचा विचार धरण्यापूर्वीं कोणी केलेला नसतो.

चांगला सर्पमित्र कसा ओळखावा? जो सापाला हात लावीत नाहीं तो. आम्हीं पाहिलेली उत्तम रीत अशी: एका जाड नळीच्या शेवटाला कापडी पिशवी घट्ट बांधावयाची, नळीचें तोंड सापापाशीं भुईवर ठेवावयाचें, आणि लोखंडी आंकडीनें त्याला हळूच त्या दिशेस वळवावयाचें. अंधारें भोंक दिसतांच साप आपण होऊन आंत जातो. बिलेशय या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून देण्यास याहून चांगलें साधन नाहीं. पकडलेला साप कोसो कोस दूर नेऊन सोडणेंही बरें नव्हे. अनोळखी जागीं त्याला ना बीळ ठाऊक ना भक्ष्य. शक्य तेवढ्या जवळच्याच माळावर किंवा ओढ्याकांठीं वनखात्यास कळवून सोडावा.

दुसऱ्या प्रकारचे सर्पमित्रही आम्हीं पाहिले. एका हातांत नागाची शेंपटी, दुसऱ्या हातांत भ्रमणध्वनि, भोंवतीं पोरांचें कडें. आमचाच एक विद्यार्थी, हुशार व परोपकारी, अशा एका खेळांत तर्जनी गमावून बसला. नागाचें विष मांस सडवितें; बोट कापावें लागलें तेव्हां प्राण वांचला. तो आजही साप धरावयास जातो, परंतु नळी घेऊन व गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, आणि कोणी चित्र काढूं लागलें तर पहिल्यानें त्याला घालवून देतो. पुण्याचे श्री. नीलिमकुमार खैरे यांनीं १९८० सालीं बहात्तर विषारी सापांसमवेत बहात्तर तास कांचेच्या खोलींत काढले, ही गोष्ट अशा तरुणांस फार आवडते. त्याच खैऱ्यांच्या खटपटीनें १९८६ सालीं कात्रजला सर्पोद्यान उभें राहिलें. ती दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाहीं, कारण त्यांत बहात्तर तासांचें नव्हे, वर्षानुवर्षांचें काम आहे.

चावल्यावर काय, हें शेवटीं सांगावयाचें, पण थोडक्यांत सांगून भागणार नाहीं. सुश्रुतानें दंशाच्या वर बंध बांधण्यास, दंश छेदण्यास व रक्त ओढून घेण्यास सांगितलें आहे. त्याच्या काळीं दुसरा उपाय नव्हता. आज या तिन्ही गोष्टी करूं नयेत, असें वैद्यकशास्त्र सांगतें. घट्ट आंवळलेल्या दोरीनें हात सडतो, आणि घोणशीच्या विषानें रक्त गोठण्याची शक्तीच जाते, म्हणून चिरलेल्या जागेचें रक्त थांबत नाहीं. अंगठ्या, बांगड्या, वाळे सूज येण्यापूर्वीं काढावे. चावलेला हात वा पाय फळीला बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवावा. माणसाला चालवूं नये, पळवूं नये, धीर द्यावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल तें वाहन घेऊन रुग्णालय गांठावें. साप शोधून मारून बरोबर नेण्याची गरज नाहीं, त्यांत दुसऱ्याला चावतो. लांबून चित्र काढतां आलें तर ठीक.

रुग्णालयांत मिळणारें प्रतिविष चारही सापांवर एकच असतें. घोड्याला विषाची अगदीं अल्प मात्रा क्रमाक्रमानें टोंचून त्याच्या रक्तांत जें प्रतिद्रव्य तयार होतें तेंच हें. मुंबईस परळला १८९९ सालीं प्लेगाच्या संशोधनासाठीं स्थापन झालेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचें नांव धारण करणारी संस्था या कामासाठीं प्रसिद्ध आहे. लहान मुलाला मात्रा कमी द्यावी असें कोणी सुचवूं नये. सापानें लहान मूल पाहून विष कमी सोडलेलें नसतें, म्हणून प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच. डॉक्टरांनीं रक्त कांचेच्या नळींत घेऊन वीस मिनिटें नुसतें ठेवलें तर नातेवाइकांनीं ‘कांहींच करीत नाहींत’ म्हणून दंगा करूं नये. तें रक्त गोठतें कीं नाहीं हें पाहणें हीच परीक्षा असते. मण्यारीच्या दंशांत प्रतिविषाइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व श्वासाच्या यंत्राला आहे. तेव्हां जवळच्या रुग्णालयांतून मनमाडला किंवा नाशिकला पाठवीत असतील तर वेळ न दवडतां निघावें.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादींत घातलें. केंद्र सरकारनें २०२४ सालीं आराखडा करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे.

नागपंचमीविषयीं आमच्या भगिनीवर्गाचा प्रश्न येईलच. त्या दिवशीं खणूं नये, चिरूं नये, तळूं नये, दिंडें उकडून करावींत, या चालीला आमचा मुळींच विरोध नाहीं. भर पावसाळ्यांत एक दिवस तरी जमीन न उकरणें हें शहाणपणाचेंच आहे. पाटावर काढलेल्या नागाची पूजा करावी. दाराशीं येणाऱ्या गारुड्याच्या नागाला मात्र दूध पाजूं नये. तो दूध पितो तो तहानेनें, कारण त्याला दिवसेंदिवस पाणीही मिळालेलें नसतें, आणि त्याचे दांत उपटलेले असतात. सांगली जिल्ह्यांत बत्तीस शिराळ्यास जिवंत नाग धरून पूजण्याची चाल होती. ती या शतकाच्या आरंभीं न्यायालयाच्या आदेशानें थांबली, आणि २०२५ सालीं केंद्र सरकारनें शैक्षणिक हेतूसाठीं म्हणून एकवीस नाग धरण्याची परवानगी दिली. यांतून शिक्षण नागाला मिळतें कीं प्रेक्षकांला, हें आम्हांस नीटसें उमगलें नाहीं.

घराची व्यवस्था मात्र आपल्या हातची आहे. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या भिंतीला टेकवून रचूं नयेत. दोन हात जागा मोकळी सोडावी. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी बसवावी. कवड्या आणि मण्यार बहुधा तेथूनच येतात. उष्टें-खरकटें रात्रभर परसांत ठेवलें कीं उंदीर आलाच. रात्रीं बाहेर जातांना दिवा व पायांत जोडा हवा. सरपण काढतांना आधीं काठीनें हलवावें, मग हात घालावा. निजावयास खाट असावी; आणि खाट सर्वांना पुरत नसेल तर भुईवरच्या अंथरुणाला मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखालीं चांगल्या खोंचाव्या. नेपाळांतील तराईच्या खेड्यांत केलेल्या पाहणींत अशा मच्छरदाणीनें दंश पुष्कळ टळतो असें दिसून आलें आहे. वर सांगितलेल्या त्या घरीं आतां जून लागला कीं ओसरीवर दहा मच्छरदाण्या टांगल्या जातात. आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना त्याचें हंसूं येतें. घरची सून कांहीं न बोलतां रात्रीं एकेका अंथरुणाशीं बसून कडा खोंचीत जाते.